तीनदा नको

आमच्या तालुक्यातल्या डॉक्टरांच्या संघटनेत पद मागायचं नसतं, ते गळ्यात पडावं लागतं. वर्षातून एकदा, रविवारी दुपारी, मंगल कार्यालयात जेवणाआधी सभा होते. कुणीतरी एकाचं नाव घेतं. तो म्हणतो, "नको, आपल्याला टाइम न्हाई." लोक आग्रह करतात. तो पुन्हा नको म्हणतो. तिसऱ्यांदा नको म्हणताना तो खुर्चीतून अर्धा उठलेला असतो, कारण हार समोर आलेला असतो.

हे मला माहीत नव्हतं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथे टीचर विचारायच्या, कोण करणार, आणि ज्याला करायचं त्याने हात वर करायचा. मी कधी केला नाही, तो भाग वेगळा.

वडवणीत लहान मुलांचा दवाखाना सुरू केला, त्याच वर्षी सहसचिवपदासाठी माझं नाव निघालं. मनात होतंही. पण सगळ्या माना एकदम माझ्याकडे वळल्या आणि तोंडातून "नको" निघून गेलं. "मॅडम नको म्हणतात," असं म्हणून अध्यक्षांनी पुढचं नाव घेतलं. ते नाव हाडांच्या डॉक्टरांचं. तेही नको म्हणाले, नेमाने तीनदा, आणि हार घालून बसले. मी मठ्ठा पीत विचार करत राहिले. शब्द तोच. त्यांच्या तोंडी त्याचा अर्थ हो झाला, माझ्या तोंडी नाही.

पद मला कशाला हवं होतं, तेही सांगते. संघटनेची दर महिन्याची बैठक रात्री बीड रोडवरच्या एका गार्डन हॉटेलात व्हायची. बाहेरून आलेले कुणी तज्ज्ञ नव्या उपचारांवर बोलायचे, मग जेवण. तिथे आम्ही बायका जात नव्हतो. कुणी या म्हणत नव्हतं आणि येऊ नका असंही म्हणत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फोटो यायचे. त्यात पडद्यावरची स्लाइड अर्धीच दिसायची आणि पनीरची ताटं पूर्ण. मला ती स्लाइड पूर्ण बघायची होती. बैठकीची वेळ सचिव ठरवतो. म्हणून सचिव.

यंदा मी तयारीने गेले. चार वाक्यं फोनवर लिहून ठेवली होती, मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. अध्यक्ष म्हणाले, "सचिवपदासाठी नावं सांगा." मी हात वर केला.

"बोला मॅडम. कुणाचं?"

"माझं."

"डायरेक्ट?" हाडांचे डॉक्टर मागून म्हणाले. "आमी इथं लाजून लाजून मरतो, अन् ह्यांचं डायरेक्ट."

लोक हसले. अध्यक्षही हसले. माणूस मायेचा आहे. "मॅडम, आधी नको म्हणायचं असतं. पद्धत हाय आपली."

"मागच्या खेपेला म्हणाले होते, सर. तुम्ही दुसऱ्यांदा विचारलंच नाही."

हे फोनवर लिहिलेलं नव्हतं. आवाज कापला नाही, याचं मलाच नवल वाटलं.

अध्यक्ष म्हणाले, "हे मात्र खरं हाय. बरं, सूचक कोण?"

स्वतःचं नाव स्वतःला सुचवता येत नाही, हे मला त्या क्षणी कळलं. मी उभीच. तेवढ्यात बायकांच्या रांगेतून आवाज आला, "मी. लिहून घ्या." त्या तालुक्यातल्या सर्वांत ज्येष्ठ स्त्रीरोगतज्ज्ञ. अर्धी वडवणी त्यांच्या हातावर जन्मली आहे, अध्यक्षांच्या दोन्ही मुलींसकट.

"अनुमोदन माझं," हाडांचे डॉक्टर म्हणाले. "हार आणा बे, भूक लागली."

पहिलं काम मी बैठकीची वेळ बदलण्याचं केलं. बाजाराचा वार सोडून, दुपारी तीन. तेव्हा ओपीडी उरकलेली असते आणि पेशंट गावाकडच्या एसटीत बसलेले असतात. "तीनला कावून? तीनला काय खायला मिळनार?" अशी हाडांच्या डॉक्टरांची तक्रार आली. पोहे, असं कळवलं. येतो म्हणाले.

पहिलं व्याख्यान कुणाचं, हे माझ्या मनात ठरलेलं होतं. मी स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमच्या दवाखान्यात गेले.

"नको गं," त्या म्हणाल्या. "माझं काय ऐकायचं?"

मी पुन्हा विचारलं.

"नको म्हणलं ना. बाहेरचं कुणी मोठं माणूस बोलव."

मी खुर्ची ओढून समोर बसले. "मॅडम, पद्धत हाय आपली. अजून एकदा राहिलंय."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि हातातली फाइल मिटली.

"पंख्याखाली उभी करू नको मला," त्या म्हणाल्या. "मागपर्यंत आवाज जात नाही."