डाव्या तळहाताची जागा

आमच्या ह्यांना सुरकुत्या फार आवडतात. माझ्या नव्हे हो, रंगाच्या! लोखंडावर मारायचा एक रंग असतो. तो भट्टीत तापला की आक्रसतो आणि पत्र्यावर बारीक, खरखरीत सुरकुत्या उठतात. जुन्या पिनबॉल मशीनचे पाय, पट्ट्या, नाणं टाकायची दारं खरवडून त्यांना हा रंग द्यायचा, एवढाच ह्यांचा धंदा. 'एवढाच' म्हटलेलं स्वारीला खपत नाही. माझ्या डोळ्यापाशी पहिली सुरकुती दिसली तेव्हा हे चष्मा लावून जवळ आले आणि म्हणाले, "वा! काय एकसारखी आलीय!" त्या दिवशी त्यांना चहा मिळाला नाही.

ह्यांची पहिली भट्टी म्हणजे माझा ओव्हन. माझ्या बाबांनी लग्नात दिलेला. मैत्रिणींना केक खायला बोलावलं, ओव्हन उघडला, तर आत एक दार भाजत होतं. "लावून घे, लावून घे, सुरकुती धरतेय!" हे मागून ओरडले. हा किस्सा बाबांच्या कानावर गेला आणि तेव्हापासून त्यांनी जावयाचं नाव 'रंगारी' ठेवलं. तेही थेट हाक मारायची नाही, सगळं माझ्यामार्फत. "तुझ्या रंगाऱ्याला सांग, मीठ सरकव." आणि तुझा रंगारी शेजारच्याच खुर्चीवर बसलेला.

आई गेल्यापासून बाबा आमच्याकडेच राहतात. डोळे जवळजवळ गेलेत, उजेड आणि सावली तेवढी कळते. तरी रोज दुपारी काठी टेकत गल्लीच्या टोकाच्या क्लबात एकटे जायचे आणि तिथल्या जुन्या पिनबॉलवर खेळायचे. काचेखाली उतरती फळी, तिच्यावर पोलादी गोळी. ती घरंगळून तळाच्या भोकात पडू नये म्हणून दोन्ही बाजूंची बटणं दाबून, फ्लिपर नावाच्या दोन छोट्या दांड्यांनी तिला परत वर उडवायची, असा तो खेळ. बाबांना गोळी दिसत नाही, ऐकू येते. ती भलतीकडे निघाली की डाव्या तळहाताने मशीनच्या पुढच्या पट्टीला हलकासा धक्का द्यायचा, की गोळीबाई आल्या वळणावर. मात्र धक्का जास्त झाला तर मशीन रुसतं. दिवे जातात, बटणं मरतात, गोळी वाया. त्याला टिल्ट म्हणतात. बाबांचं टिल्ट झालेलं क्लबात कुणी पाहिलेलं नव्हतं आणि ही गोष्ट बाबा आम्हाला जेवताना रोज सांगायचे.

मग क्लबाने मशीनचं रूप पालटायचं ठरवलं आणि काम अर्थात आमच्या घरी आलं. पुढच्या पट्टीचा रंग डावीकडे पार उडाला होता. "टक्कल पडलंय बिचारीला," हे म्हणाले आणि जीव ओतून कामाला लागले. पट्टी भट्टीतून निघाली तेव्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत अशी एकसारखी सुरकुती की मलाही कौतुक वाटलं. तसं मी बोलून दाखवलं नाही, नाहीतर ते पुराण रात्रभर ऐकावं लागलं असतं.

मशीन सजून क्लबात परतलं, बाबा उभे राहिले. पहिली गोळी, टिल्ट. दुसरी, टिल्ट. तिसरीही टिल्टच म्हणे. कुणीतरी मागून म्हणालं, "चालायचंच, वय झालं."

बाबा घरी आले, काठी कोपऱ्यात ठेवली. "डोळे गेले तेव्हा मी काही बोललो का? नाही ना? आता हातही गेला," म्हणाले आणि खिडकीपाशी जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी क्लबात गेले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाही.

खरं सांगते, आधी मला रागच आला. दिवसभर घरात बसून वासावरून माझा स्वयंपाक तपासायचे. "कांदा करपतोय." अहो, कांदा अजून टोपलीत होता! पण एका दुपारी पाहिलं तर बाबा खुर्चीच्या हाताला डाव्या तळव्याने हळूच ढकलत होते. थांबायचे, पुन्हा ढकलायचे.  मी पायात चपला सरकवल्या आणि तडक क्लब गाठला.

मशीनपुढे उभी राहिले, बाबांसारखा तळवा पट्टीवर टेकवला आणि ढकललं. पट्टीने हात धरूनच ठेवला. हात काढायला गेले तर बाहीही अडकली. मशीनचे दिवे फटकन गेले, आणि माझ्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला.

"अहो!" मी ह्यांच्या भट्टीच्या शेडच्या दारातूनच सुरू केलं. "तुमच्या रंगाने माझ्या बाबांचा हात धरलाय!"

"पकड हाच तर त्याचा गुण," हे कौतुकाने म्हणाले.

"गुण गेला चुलीत! त्या टकलावरून बाबांचा हात थोडा घसरायचा. अर्धा धक्का तिथेच जिरायचा. आता सगळाच्या सगळा मशीनला बसतो. हात तोच आहे, पट्टी बदललीय."

ह्यांनी हातातलं काम अर्धवट टाकलं. लग्नानंतर असं पहिल्यांदाच घडलं. मग स्क्रूड्रायव्हर खिशात टाकून निघून गेले आणि परत आले ते पट्टी काखेत मारून. ती जेवणाच्या टेबलाच्या कडेला शिकंज्याने आवळली आणि बाबांपुढे जाऊन उभे राहिले.

"बाबा, हात तुमचा गेला नाही. मी पळवला."

 बाबा थेट जावयाकडे तोंड करून म्हणाले, "मग परत आण."

बाबांच्या तळव्याला खडू फासला, पट्टीवर टेकवला, तिथे पांढरा ठसा उमटला. त्या ठशावर ह्यांनी पॉलिश पेपर चालवायला घेतला. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या सुरकुतीवर! दर घाशीला असे कण्हत होते की वाटावं, दाढच उपटतायत. मी टेबलावर पाण्याने काठोकाठ भरलेलं पातेलं ठेवलं. बाबांनी ढकललं, पाणी सांडलं.

"अजून घास."

"बाबा, खाली लोखंड दिसायला लागलंय!"

"मला कुठे दिसतंय? घास!"

ढकलून ढकलून टेबल फ्रिजपर्यंत गेलं. फरशीवर तळं झालं, मी फडकं घेऊन त्या दोघांच्या पायांत रांगत होते. शेवटी बाबांनी ढकललं आणि पाणी नुसतं शहारलं. थेंब सांडला नाही.

"थांब," बाबा म्हणाले. "हीच."

दुसऱ्या दिवशी क्लबाचे अध्यक्ष कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो, नव्याकोऱ्या पट्टीला टक्कल पाडलंत?"

एरवी कुणी नख लावलं तरी ह्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. पण शांतपणे स्क्रू आवळत म्हणाले, "टक्कल नाही. जागा आहे ती."

बाबा उभे राहिले. गोळी सुटली, खणखणली, भलतीकडे निघाली. बाबांनी धक्का दिला. मी डोळे मिटून घेतले. दिवे गेले नाहीत हे मला खणखणाटावरून कळलं. पुन्हा धक्का, पुन्हा खणखणाट. बाबा खेळतच राहिले, आणि शेवटी गोळी दोन्ही फ्लिपरच्या मधून सरळ भोकात गेली.

"हरलो!" बाबा आनंदाने ओरडले. "ऐकलंत का? टिल्ट नाही! माझा मी हरलो!" ह्यांनी खिशातून रुमाल काढला आणि पट्टी पुसतोय असं दाखवत डोळे पुसले. मी तर उघडउघड रडले.

रात्री जेवायला बसलो. बाबांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "रंगारी, मीठ सरकव." सरळ त्यांनाच! ह्यांनी मीठ असं उचलून दिलं की जणू पदकच मिळालंय.

त्यानंतर दोघांची जी बडबड सुरू झाली ती अजून चालू आहे. गोळी कशी वळते, सुरकुती कशी धरते, उजव्या हातालाही थोडी जागा करावी का. मला कुणी विचारत नाही. मीठही माझं मलाच उठून घ्यावं लागतं.