दादासाठी मांडलेली खुर्ची

नगरहून एसटीनं निघाले तेव्हा माझा बेत अगदी सरळ होता. लोणारचं सरोवर बघायचं आणि मुक्काम सुलतानपूरला मार्थाकडे करायचा. मार्था माझी नर्सिंगच्या होस्टेलमधली मैत्रीण. तिनं फोनवर एकच गोष्ट बजावली होती, "कॅमेरा आण. दादा येऊन राह्यला."

दादा येणार, ही बातमी साधी नव्हती. आईच्या अंत्यविधीला कोणतं गीत गायचं यावरून मार्था आणि तिचा थोरला भाऊ भांडले आणि तेव्हापासून नऊ वर्षं बोलले नव्हते. दादा साखरखेर्ड्याला, ही इथं, मध्ये तासाभराचा रस्ता. या हट्टाला काय म्हणावं? मी पाच वर्षं माझ्या जावेशी बोलत नाही, ते वेगळं.

मेहकरला गाडी बदलून, तुरीची वाळत आलेली शेतं बघत सुलतानपूरला पोचले. अंगणात रोडगे (गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे) होत होते, वांग्याची भाजी रटरटत होती. चिंचेखाली फोटोसाठी खुर्च्या मांडलेल्या. मधल्या खुर्चीवर उशी होती, दादाच्या कंबरेसाठी.

बारा वाजले, एक वाजला. दादाचा पत्ता नाही, आणि मला भूक आवरेना. किती वाजता येतो म्हणालाय, असं विचारलं तेव्हा कळलं की तो काहीच म्हणाला नव्हता. त्याला कुणी बोलावलंच नव्हतं! मार्था वर्षभर पहाटे गुडघे टेकून प्रार्थना करत होती. घर पुन्हा एक होईल असं देवाचं वचन तिला मिळालं होतं. त्या विश्वासानं तिनं खुर्ची मांडली, कणीक मळली, मला नगरहून आणवलं. फक्त दादाला कळवायचं काम देवावर सोपवलं होतं.

मला आधी हसू आलं, मग राग. ही बाई दर रविवारी चर्चच्या शब्बाथशाळेत मुलांना बायबलमधली यार्देन नदी ओलांडण्याची गोष्ट सांगते.

"याजकांनी पाय पाण्यात टाकले तेव्हा नदी थांबली," मी म्हटलं. "काठावर खुर्ची मांडून नव्हते बसले ते."

तिनं विस्तवातला एक रोडगा उलटला. "अन् त्यानं दार लावलं तर? मले भेव वाटते."

मी स्कूटीची किल्ली मागितली. ती रोडगे फडक्यात बांधून मागे बसली. वाटेत कालव्याचं पाणी रस्त्यावर आलं होतं, आणि नेमकी तिथंच गाडी बंद पडली. घोट्यापर्यंत पाण्यात उतरून दोघींनी ती ढकलली. झाले का पाय ओले, मी चिडवलं. मार्था हसली नाही. तिचे ओठ हलत होते.

दादाचं दार उघडं होतं. मार्था उंबऱ्याबाहेरच थांबली. मग ती गायला लागली, दादाच्या आवडीचं तेच गीत, जे तिनं तेव्हा गाऊ दिलं नव्हतं.

आत कुणीतरी खाकरलं. "सूर लय वर लावला तू," दादा म्हणाला, आणि पुढची ओळ त्यानं खालच्या सुरात उचलली. गातगातच तो बाहेर आला, तिच्या पायांकडे बघून थबकला. "पाय कायनं भिजले तुये?"

"तुले न्यायले आली," ती म्हणाली. मला रडू आलं, हे कबूल करते.

दादा त्याच्या मोटरसायकलवर पुढे, आम्ही मागे, पुन्हा त्याच पाण्यातून. गार झालेले रोडगे चार वाजता खाल्ले. लोणार राहिलंच.

नगरला परतल्यापासून शेजारणी सरोवराचे फोटो मागतात. माझ्याकडे एकच फोटो आहे. उशीला टेकलेला दादा आणि शेजारी मार्था, साडीचा काठ अजून ओला. काल तो बघताबघता मी जावेचा नंबर काढला. तिच्याशी समेट व्हावा म्हणून मीही देवाला कितीदा सांगितलंय. अन् तिनं फोन उचललाच नाही तर? मार्थावर उगाच रागावले, असं वाटलं.

मग नंबर दाबला.