बैलाचे दात पाहणारे मामा

बैलाच्या तोंडात बिनदिक्कत हात घालणारा माझ्या मोठ्या मामांसारखा माणूस अख्ख्या आर्वी तालुक्यात नसेल, आणि स्वतःचं तोंड उघडायला त्यांच्याइतका घाबरणाराही नसेल. ओळखीतलं कुणी बैलबाजाराला निघालं की मामांना मोटारसायकलवर मागे बसवून नेणारच. मामा बैलाचा ओठ वर करत, दात निरखत आणि विकणाऱ्याला तिथल्या तिथे सुनावत, "जवान म्हणून इकून राह्यला काय याले? म्हातारा हाये हा!" त्यांच्या स्वतःच्या दातांचा रंग मात्र खर्र्यानं विटकरी झालेला. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटलेला तो ऐवज सकाळपासून गालात असायचाच. त्यात पुढचा एक दात अर्धा तुटलेला. म्हणून हसू आलं की मामा दुपट्ट्याचं टोक तोंडावर धरत, आणि फोटोत ओठ असे आवळत की नुकतंच कुणाशी तरी कडाक्याचं भांडण झालं असावं. दवाखान्याचा विषय काढला तर म्हणत, "दाताचा डॉक्टर नुसते दात पाह्यते काय? पुरं तोंड पाह्यते तो." आम्हाला ती गंमत वाटायची.

त्यांच्या पिंकीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरला तेव्हा तिनं बजावलं, "बाबा, फोटोत हासजा, नाई तं मी बी नाई हासणार." लाडक्या लेकीचा शब्द! साक्षगंधाच्या सकाळी मामा न्हाणीत शिरले आणि डबीतला चुना त्यांनी दातांवर चोपडला. पांढरे व्हायचे दूरच, हिरड्या अशा भाजल्या की मामा उड्या मारतच बाहेर आले. "अवो, भित हाये का ते, चुना माराले?" मामी ओरडल्या, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ओठ सुजले आणि सगळे फोटो दुपट्ट्यातच निघाले.

दुसऱ्या दिवशी पिंकीनं आणि मी त्यांना वर्ध्याला नेलं. खुर्चीत बसल्यावर मामांनी माझं मनगट बैलाच्या कासऱ्यासारखं आवळून धरलं. डॉक्टरीणबाई प्रेमळ होत्या. डाग निघतील, तुटक्या दातावर कॅप बसेल, म्हणाल्या. "आता मोठा आ करा, काका." मामांनी आ केला. जेमतेम दोन बोटं आत जातील एवढाच. बाईंचा चेहरा बदलला. गालाच्या आतला पांढरट चट्टा त्या कितीतरी वेळ बॅटरीनं पाहत राहिल्या आणि तपासणीसाठी तिथला बारीकसा तुकडा घ्यावा लागेल म्हणाल्या. मामा भाकर वरणात भिजवून का खातात, लग्नाकार्यात पुरी ताटात तशीच का ठेवतात, ते मला तेव्हा कळलं. पिंकी बाहेर गेल्यावर ते पुटपुटले, "मले ठाऊक होतं, बाबू. माह्या एका दोस्ताचं असंच झालतं. गेला तो. पोरीचं लगन पाहू दे मले, बस." रिपोर्ट येईपर्यंत आम्ही कुणीच धड जेवलो नाही.

रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला नाही. पण खर्रा कायमचा सोडायचा, दाखवायला येत राहायचं आणि तोंड पहिल्यासारखं उघडेलच असं नाही, हे बाईंनी स्पष्ट सांगितलं. मामांनी खर्रा सोडला. लग्नात ते दुपट्ट्याशिवाय, नव्या कॅपसकट, प्रत्येक फोटोत हसले. पाठवणीच्या वेळी पिंकी लाडू घेऊन त्यांच्यासमोर आली. तिनं तो आधीच अगदी बारीक कुस्करला होता. मामांनी तिच्या हाताकडे पाहिलं आणि जेवढं उघडत होतं तेवढं तोंड उघडलं.