दादासाठी हॉस्पिटल बघायला

गुहागरहून निघालेल्या बसने सकाळी दिंडोशीला हायवेवर सोडलं आणि मुंबईत पहिलं दर्शन झालं ते हाताची घडी घालून हसणाऱ्या एका डॉक्टरांचं. भलंमोठं होर्डिंग होतं, शेजारी लालभडक हृदय. एरवी मला गंमत वाटली असती. त्या दिवशी मी मान फिरवली, कारण मी आले होते तीच मुळी माझ्या दादासाठी हॉस्पिटल निवडायला.

गणपतीनंतर दादाला हार्ट अटॅक आला होता. छातीत दुखायला लागल्यावर त्याने आधी ॲसिडिटी समजून सोडा प्यायला. मग वहिनीने बोरिवलीला तिच्या भाच्याला फोन लावला. तो तिथल्या एका हॉस्पिटलात बिलिंगला आहे. आपला माणूस आहे म्हणून वाटेतली हॉस्पिटलं मागे टाकत टॅक्सी थेट बोरिवलीला नेली. दादा वाचला, पण हृदयाचा एक भाग कायमचा निकामी झाला. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी एवढा उशीर करू नका. वहिनीने हे फोनवर सांगितलं आणि त्या 'पुढच्या वेळी'ने माझी झोप उडवली.

दादा गॅलरीत खुर्चीवर बसला होता. चांगला धिप्पाड माणूस, आता शर्ट खांद्यावरून ओघळत होता. मला बघून म्हणाला, आलीस, आता स्थळं बघतात तशी हॉस्पिटलं बघत फीर. मी हसले, पण त्याच्या पायांवरची सूज बघून मनातून चरकले.

आधी मेट्रोने अंधेरी. चुकीच्या जिन्याने उतरले आणि भलत्याच बाजूला जाऊन पोचले, त्यामुळे विचारत विचारत उन्हातून चालावं लागलं. हॉस्पिटल हॉटेलसारखं चकाचक. काउंटरवरच्या बाईंनी हौसेने खोल्या दाखवल्या, कॅन्टीन दाखवलं. मी विचारलं, अटॅकचा पेशंट दारात आल्यापासून त्याची बंद धमनी उघडेपर्यंत तुमच्याकडे किती वेळ जातो? बाई गोड हसल्या.

"मॅडम, ते सगळं पॅकेजमध्ये येतं ना."

दुसऱ्या दिवशी बसने मुलुंड गाठलं. गल्ल्यांमधून झाडं, रस्ते शांत, जरा बरं वाटलं. तिथलं हॉस्पिटलही स्वच्छ, माणसं अदबीची. हृदयाचे पेशंट आमच्याकडे फार क्वचित दगावतात, असं त्यांनी अभिमानाने सांगितलं. मी खूश झाले, म्हटलं, जमलं स्थळ. तेवढ्यात बाकावर शेजारी बसलेला माणूस बोलायला लागला. त्याच्या वडिलांना आदल्या दिवशी इथेच आणलं होतं. फार सिरियस आहेत म्हणून यांनी ॲम्ब्युलन्समध्ये घालून घाटकोपरला पाठवून दिलं. वडील तिथे वारले. तो राहिलेले रिपोर्ट न्यायला आला होता. इथे माणसं का दगावत नाहीत, ते मला तेव्हा कळलं.

घाटकोपरला उतरले तेव्हा भुकेने चक्कर येत होती. खाऊगल्लीत डोसा मागवला. तव्यावर त्याने लोण्याचा एवढा मोठा गोळा टाकला की मला त्यात दादाच्या धमन्याच दिसायला लागल्या. कडेकडेने खाऊन उठले.

त्या माणसाच्या वडिलांना पाठवलं होतं, त्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या लेकीएवढ्या. मी भीतभीतच विचारलं, तुमच्याकडे जास्त पेशंट दगावतात का? त्यांना राग आला नाही.

"दगावतात. शेवटच्या घटकेला दुसरीकडून पाठवलेले आमच्याकडे येतात. नुसते मृत्यू मोजून तुलना केलीत तर फसाल. पेशंट आले तेव्हा किती सिरियस होते, तेही बघायला लागतं. आणि रविवारी दुपारी कॅथलॅबची (तारेने धमनी उघडतात त्या खोलीची) माणसं किती वेळात जमतात, हे विचारा." मग त्यांनी दादा कुठे राहतो ते विचारलं. दिंडोशी म्हटल्यावर मान हलवली. "मग इथवर आणूच नका. वाटेतच वेळ जाईल."

दादाच्या घरापासून रिक्षाने अगदी जवळ एक जुनं हॉस्पिटल आहे. रंग उडालेला, होर्डिंग वगैरे काही नाही. टॅक्सीने मागे टाकलेल्यांतलंच एक. तिथल्या मेट्रनने सरळ उत्तरं दिली. ईसीजी दारातच काढतात, प्रत्येक अटॅकच्या पेशंटला किती वेळ लागला ते दर महिन्याला सगळे बसून तपासतात, आणि ट्रॅफिकमध्ये डॉक्टर अडकले की उशीर होतो, हेही तिने लपवलं नाही. मी ठरवून टाकलं. वहिनीला मात्र ते पटेना. तिथे आपलं कोण आहे, ऐनवेळी कुणाचं नाव सांगायचं, हा तिचा प्रश्न.

रविवारी जेवताना दादाचा हात ताटातच थांबला. कपाळावर घाम, ओठ पांढरे. वहिनीने फोन उचलला आणि खरं सांगते, एवढं सगळं फिरून आलेली मीसुद्धा म्हणाले, लाव, भाच्यालाच लाव. डोकं बंदच पडलं होतं. त्या क्षणी मला फक्त ओळखीचा आवाज हवा होता.

"सुमे," दादा कसाबसा बोलला, "जवळ चल."

रिक्षात मी त्याचा हात घट्ट धरून बसले होते. तो थंडगार होता. हॉस्पिटलच्या दारात, आम्ही कोण, कुठले, हे न विचारता अनोळखी माणसांनी त्याला ट्रॉलीवर घेतलं आणि आत नेलं. बाहेर वहिनी आणि मी एकमेकींकडे बघायचंही टाळत होतो. शेवटी डॉक्टर आले. धमनी उघडली होती. म्हणाले, वेळेत आणलंत. वहिनी तिथेच खाली बसून रडायला लागली.

दादा घरी आल्यावर मी परत निघाले. गावात आल्यापासून जो तो विचारतो, मुंबईत सगळ्यात चांगलं हॉस्पिटल कुठलं? मी रंगवून सांगते. माझे यजमान सगळं ऐकून घेतात. त्यांनाही प्रेशर आहे. परवा त्यांनी एकदाच विचारलं, "आणि मला इथे झालं तर गं?"

इथून चिपळूण, तिथून पुढे कुठे, किती वेळ, कॅथलॅबची माणसं असतील का? चार उपनगरं पालथी घातली, पण माझ्याच घराचा हिशेब मी कधी केला नव्हता. हल्ली दुपारी ते नेहमीपेक्षा जरा जास्त झोपले की मी हळूच त्यांच्या नाकाशी बोट नेऊन बघते.