लॉर्डसाहेबांची दूधआई

लॉर्ड ऑबरी लंडनमध्ये वारले, त्यांना शिशाच्या पेटीत घालून गावी आणताहेत, ही बातमी आयर्लंडातल्या त्या डोंगराखालच्या वाडीत आली तेव्हा गॉबनेट बटाटे उकडत होती. तिने भांडं खाली उतरवलं आणि शालीचं टोक तोंडात कोंबलं. प्रेत समोर आल्याशिवाय विलाप सुरू करायचा नाही, हा तिकडचा नेम. पण पोटातली कळ नेम कुठला पाळते!

बावन्न वर्षांपूर्वी तिला न्यायला हवेलीतून घोडागाडी आली होती. ऑबरी जन्मला होता, पण थोरल्या बाईसाहेबांना दूध येत नव्हतं, आणि गॉबनेटच्या कुशीत तीन आठवड्यांचा फिनीन होता. उजवीकडचं दूध हवेलीतल्या पोराचं, डावीकडचं फिनीनचं, अशी वाटणी तिनेच करून टाकली. ऑबरी भुकेला असला की डावीकडेही हक्क सांगे. "जातीचा जमीनदार मेला!" म्हणून ती हसायची. त्याचा पहिला शब्द आयरिश होता, इंग्रजी मागाहून आलं. सातव्या वर्षी त्याला इंग्लंडच्या शाळेत धाडलं, तेव्हा "माय, मला नको पाठवूस" म्हणत तो गाडीच्या चाकाला असा मिठी मारून बसला, की कोचमननेही तोंड फिरवलं.

मग तो पार्लमेंटात गेला. चार-चार तास भाषणं करतो म्हणत. गरिबांच्या बाजूनेही बोलतो म्हणत. वर्षातून एकदा गावी येई, तेव्हा घोडा बांधून थेट तिच्या चुलीपाशी बसे आणि ताकाबरोबर बटाटे खाई. बटाट्याचं पीक कुजून दुष्काळ पडला, त्या काळ्या वर्षानंतर त्याने लंडनला बसून खंड थकलेल्या कुळांना हुसकावण्याच्या कागदावर सही केली, आणि कूलबान खोऱ्यातल्या एकोणीस घरांची छपरं कारभाऱ्याच्या माणसांनी ओढून पाडली. त्यातलं एक गॉबनेटच्या धाकट्या बहिणीचं, मॉरीनचं. मॉरीन रस्त्याकडेच्या चरात मेली. तिच्यासाठी विलाप करायचं त्राण तेव्हा कुणाच्याच अंगात नव्हतं.

त्यानंतरही ऑबरी येत राहिला, चुलीपाशी बसत राहिला. गॉबनेटने बटाटे वाढले, पण सहीचं विचारायला तिची जीभ उचलली नाही. तोही काही बोलला नाही. चार तास भाषण करणाऱ्या माणसाला एवढं एक वाक्य जड जातं, याला काय म्हणावं!

दुपारी पेग दारात उभी राहिली. वाडीतल्या विलाप करणाऱ्या बायकांची ती म्होरकी, आणि जिभेला हाड नाही.

"काय गं, जाणारेस वाटतं त्याच्यासाठी गळा काढायला?"

"माझं दूध प्यायलाय तो, पेग."

"आणि मॉरीनला कुणी खाल्लं? नीट ऐक, म्हातारे. त्याच्यासाठी तोंड उघडलंस ना, तर तू मरशील तेव्हा वाडीतली एक बाई तुझ्या उशाशी बसायची नाही. मुक्यानंच जाशील!"

गॉबनेट उंबरठ्यावर खाली बसली. बिनविलापाचं मरण म्हणजे बेवारशाचं मरण, आणि वय तर तिचं सत्तरीच्या पुढे.

"नको जाऊस, आई," फिनीनही म्हणाला. "कारभारी पर्डननं बजावलंय, चर्चच्या फाटकाच्या आत आयरिश रडारड चालायची नाही. दोन्हीकडून मार खाशील."

"खाईन. तुझ्या वाटणीचं दूध चोरून त्याला पाजलं, तेव्हा कुणाला विचारलं होतं मी?"

दुसऱ्या दिवशी चर्चच्या आवारात साहेबलोकांच्या काळ्या टोप्यांची गर्दी होती. वाडीतल्या बायका भिंतीबाहेर पाठ करून उभ्या होत्या; पण आल्या होत्या मात्र झाडून साऱ्या. काठी टेकत गॉबनेट आत शिरली. पर्डन आडवा आला, तोवर तिचा हात पेटीवर पडला होता. विलाप करणारीचा हात एकदा पेटीवर पडला की तिला कुणी अडवत नाही. पेटी वाहणारी कुळंच होती. त्यांनी ती खाली ठेवली आणि टोप्या काढल्या.

"ऑबरी, माझ्या राजा, माझ्या उजव्या कुशीच्या धन्या,
तुझे पाय गार पडायचे, मी शालीत धरायचे.
आता कोण धरील रे?"

कडवं संपलं की "ओखोऽन" म्हणून बाकीच्या बायकांनी सूर द्यायचा असतो. कुणी दिला नाही. तिने एकटीनेच दिला. पण प्रेतापुढे खोटं बोलायचं नसतं, आणि नुसतं गोड बोलणंही शेवटी खोटंच. तिचा आवाज चढला.

"कुठल्या हातानं सही केलीस, सांग?
चमचा धरायला शिकवला मी, त्याच हातानं?
माझी मॉरीन चरात मेली, तोंडात गवत होतं तिच्या.
तुला विचारायचं राहिलं, लेकरा,
आणि आलास तो असा, तोंड मिटून!"

मग ती एकोणीस घरांची नावं घेऊ लागली. सातवं घर पेगच्या माहेरचं. ते नाव उच्चारलं गेलं आणि भिंतीपलीकडून एक घोगरा आवाज उठला, "ओखोऽन!" पेगच होती ती. तिच्यामागून साऱ्याच बायकांनी सूर धरला. जवळजवळ वीस वर्षं घशात अडकलेलं रडणं ते.

लॉर्डांची इंग्लिश विधवा भेदरून, आईमागोमाग आत आलेल्या फिनीनकडे वळली. "काय म्हणतायत त्या?"

"माझी आई साहेबांना रागावतेय, बाईसाहेब."

"त्यांना? आज?"

"आपल्याच माणसाला रागावतात ना, बाईसाहेब."

पर्डन पुढे सरसावला, तसा बाईसाहेबांनी हात वर केला. "थांबा. त्यांचं पुरं होऊ दे."

परतीच्या वाटेवर पेगने येऊन गॉबनेटचा दंड धरला.

"तुझ्या वेळी येईन मी," पेग म्हणाली. "पण गोडगोड बोलेन असं समजू नकोस. त्याला बटाटे वाढत राहिलीस, तेही सांगेन."

"सांग की. आणि माझी माया होती त्याच्यावर, तेही सांग. ते गाळलंस, तर तिथंच उठून बसेन."