गाडी लागणारी लेक

नवरा गेल्यापासून ती कपडे शिवून घर ओढत होती. शाळेची सहल ठरली, तेव्हा लेक म्हणाली, "आई, मला नाही जायचं. मला गाडी लागते." आईने सुटकेचा निःश्वास टाकला आणि सहलीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून घरभाडं भागवलं.

सहल होऊन गेली. पुढच्या रविवारी दोघी बसने मावशीकडे निघाल्या. घाटाच्या वळणांवर लेक खिडकीशी बसून खुशाल चणे खात होती.

"तुला गाडी लागते ना गं?" आईने हळूच विचारलं.

लेकीचा हात थांबला. "तेव्हा कुठं विचारलंस, खरंच लागते का म्हणून?"

आईने तिला जवळ ओढलं. पण माफी मागायला जीभ रेटेना, कारण लेकीचं खोटं तिला सहल ठरली त्याच दिवशी कळलं होतं, आणि तरी तिने ते खरं मानून घेतलं होतं.