हिदरटू

सोसायटीच्या नोटीसबोर्डावरचं इंग्रजी दुरुस्त केल्याशिवाय मोहितेकाका जिना चढत नसत. खिशातली पेन्सिल काढायची, एखादा शब्द खोडायचा, कुठे स्वल्पविराम टाकायचा, आणि मग कठडा धरत धरत तिसरा मजला. सेक्रेटरी वैतागायचे. पण काकांचा सगळा जन्म सरकारी कचेरीत पत्रांचे मसुदे लिहिण्यात गेलेला, ती खोड सुटणार कशी?

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते आणि बडोद्याच्या दांडिया बाजारात एका वकिलांकडे टायपिंग करते. दिवसभर तेच ते शब्द बडवून हरणीला घरी परतावं, तर काका जिन्यातच गाठायचे. "आज किती वेळा 'हिदरटू' टाइप केलंस?"

हा त्यांचा लाडका शब्द. एकदा कंटाळून मी म्हटलं, "काका, तो आता कोणी वापरत नाही. साधं 'टिल नाऊ' लिहितात."

"लिहू देत. हिदरटू म्हणजे आपलं गुजराती 'हजी', अजूनपर्यंत. 'पत्र आलं नाही' म्हटलं की संपलं. 'हजी आलं नाही' म्हटलं, तर पोस्टमन रस्त्यात असू शकतो. समजलं के?"

समजलं होतं. त्यांचा मिलिंद नऊ वर्षांपूर्वी भांडून घराबाहेर पडला, तो गेलाच. फोन नाही, पत्र नाही, पोलिसांनाही पत्ता लागला नाही. त्या काळजीतच काकू गेल्या. इमारतीला लिफ्ट नाही आणि काकांचे गुडघे कामातून गेलेले. डभोईची बहीण तळमजल्यावरच्या आपल्या घरी बोलवत होती. पण फ्लॅट काकूंच्या नावावर. विकायचा तर वारस म्हणून मिलिंदची सही हवी, नाहीतर बेपत्ता मुलाला मृत धरावं असा कोर्टात अर्ज. काकांनी दोन वर्षं टाळाटाळ केली. जिन्यात दुसऱ्यांदा पडले तेव्हा कबूल झाले.

प्रतिज्ञापत्र मीच टाइप केलं. हाताच्या सवयीने लिहून गेले, 'हॅज नेव्हर रिटर्न्ड'. काका वाचता वाचता तिथे थांबले. 'नेव्हर' खोडून त्यांनी वर 'हिदरटू नॉट' लिहिलं.

वकीलसाहेबांनी डोळे चोळले. "काका, मुलगा गेला असं धरा म्हणायचं, आणि अजून येईल असंही सुचवायचं? जज विचारणार ना."

"मग खोटं लिहू?" काका उठले आणि सही न करताच गेले.

महिनाभर ते मला जिन्यात दिसलेच नाहीत. दूध, भाजी मीच वर नेऊन द्यायची. मग एका दुपारी रिक्षाने एकटेच ऑफिसात आले, धापा टाकत. तोच कागद मागितला. आपल्या हाताने 'हिदरटू नॉट' खोडलं, बाजूला 'नेव्हर' लिहिलं, आणि सही केली.

मी म्हटलं, "काका, राहू दे ना. तुमचाच शब्द बरोबर होता."

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"शब्द बरोबरच आहे गं. मीच दमलो."